आधी राखणदारांची परवानगी: पार्ट्स थेरपीला नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानात मी चोवीस वर्षे दिवाणजी म्हणून हिशेब लिहितो आहे. रोजमेळ जुळला तरी दुकान बंद करताना गल्ला तीनदा मोजायचा, घरी जेवताना पुन्हा मनातल्या मनात बेरीज करायची आणि एखाद्या दिवशी शंभर रुपयांची तफावत निघाली तर पहाटेपर्यंत आढ्याकडे पाहत पडून राहायचे, हे इतके अंगवळणी पडले होते की त्यालाच मी प्रामाणिकपणा समजत होतो. पत्नीच्या आग्रहामुळे आधी डॉक्टरांकडे आणि तेथून थेरपीकडे गेलो. गेली दोन वर्षे ज्या पद्धतीने काम झाले तिचे नाव ‘इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स’, म्हणजे आयएफएस. बोलताना तिला पार्ट्स थेरपीही म्हणतात. सुरुवातीला हे सगळे मराठीत समजावून सांगणारे कोणी न भेटल्यामुळे मी बऱ्याच ठिकाणी अडखळलो. तुमची ती अडखळण वाचावी म्हणून हे क्रमाने लिहितो आहे. मी हिशेबनीस आहे, डॉक्टर नाही, हे वाचताना लक्षात असू द्यावे.

१. ही पद्धत काय आहे ते समजून घ्या

‘एक मन म्हणते जावे, दुसरे मन म्हणते नको’ असे आपण सहज बोलून जातो. आयएफएस हे बोलणे जसेच्या तसे खरे मानते. रिचर्ड श्वार्ट्झ हे अमेरिकेतील कौटुंबिक थेरपिस्ट १९८० च्या दशकात खाण्याच्या विकारांनी त्रासलेल्या रुग्णांबरोबर काम करीत असताना, ‘माझा एक भाग असे म्हणतो, दुसरा तसे’ असे बोलणे त्यांच्या कानावर वारंवार पडू लागले. कुटुंबातील माणसांना ते जे प्रश्न विचारीत असत, तेच त्यांनी या भागांना विचारून पाहिले आणि त्यातून ही पद्धत उभी राहिली. मन अनेक भागांचे असते ही कल्पना त्यांच्याही आधीची आहे. इटलीचे मानसोपचारतज्ज्ञ रोबेर्तो असाजिओली यांनी ती मांडली होती आणि एरिक बर्न यांची पालक, प्रौढ व बालक ही विभागणी तर आपल्याकडील बऱ्याच समुपदेशकांच्या परिचयाची आहे.

जुना वाडा डोळ्यांसमोर आणला की मांडणी लवकर समजते. देवडीवर पहारेकरी बसलेले असतात. वाईट काही घडूच नये म्हणून ते आधीपासून बंदोबस्त करतात: मोजणे, तपासणे, सगळ्यांना खूश ठेवणे, स्वतःलाच टोचून बोलणे. त्यांना ‘मॅनेजर’ म्हणतात. त्यांच्या बंदोबस्तातून काही निसटले आणि आत आग भडकलीच, तर जे धावत येतात ते ‘फायरफायटर’. बंब येतो तेव्हा तो आग विझवतो, पण त्या पाण्यात घरातील वह्या आणि धान्यही भिजते. दारू, रात्री दोनपर्यंत मोबाइल, अचानक उसळणारा राग ही बंबाची कामे होत. माझा बंब भडंगाचा होता. घरात खटका उडाला की भडंगाचा आख्खा पुडा संपेपर्यंत हात थांबत नसे. आणि वाड्याच्या बळदात, म्हणजे भिंतीतल्या चोरकोठीत, कोंडलेले, लाज किंवा भीती घेऊन बसलेले जे मूल असते, ते ‘एक्झाइल’. बाकी सगळ्यांची, म्हणजे पहारेकरी आणि बंब या राखणदारांची, धावपळ त्या मुलाचे रडणे कोणाला ऐकू जाऊ नये यासाठी चाललेली असते.

या सर्वांच्या पलीकडे घरधनी असतो, ज्याला श्वार्ट्झ ‘सेल्फ’ म्हणतात. शांतपणा, कुतूहल, करुणा, स्पष्टता, आत्मविश्वास, धैर्य, सर्जकता आणि जोडलेपण हे आठ गुण त्याची ओळख म्हणून सांगितले जातात. सेल्फ म्हणजे आपल्याकडील आत्मा काय, असा प्रश्न मी पहिल्याच महिन्यात विचारला होता. त्यावर माझ्या थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, “ते ठरवले नाही तरी काम अडत नाही.” खरोखरच अडले नाही.

२. आधी डॉक्टरांना भेटा

ही पायरी गाळण्याचा मोह होतो, पण गाळू नका. झोप न लागणे, उदास वाटणे आणि सतत थकवा यांच्या मागे थायरॉइड, रक्तक्षय किंवा बी-१२ ची कमतरता असू शकते आणि ते साध्या रक्ततपासणीत कळते. सांगलीच्या सिव्हिलमध्ये किंवा मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात केसपेपर काढून मनोविकृतिशास्त्र विभागात दाखवता येते. साताऱ्याकडच्या लोकांसाठी तेथील जिल्हा रुग्णालय आहे.

डॉक्टरांना न लाजता सांगायच्या गोष्टी अशा. कानांना बाहेरून आवाज ऐकू येतात का, मधल्या काही तासांचे काहीच आठवत नाही असे होते का, दारूचे प्रमाण किती आहे आणि जीव द्यावासा वाटतो का. यांपैकी काही असेल तर आधी त्यावर उपचार व्हायला हवेत. जखमेला हात घालणारे काम त्यानंतर, आणि तेही डॉक्टरांशी बोलून. जीव देण्याचे विचार आत्ता येत असतील तर पुढचे वाचत बसू नका. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते.

पुराव्यांबद्दलही एक गोष्ट स्पष्ट सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आघातोत्तर ताणाच्या विकारासाठी (पीटीएसडी) शिफारस केली ती आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणूक बदलण्यावर भर देणारी थेरपी) आणि ईएमडीआर (आठवण मनात धरून डोळ्यांची ठरावीक हालचाल करायला लावणारी थेरपी) या पद्धतींची. आयएफएसवरचे अभ्यास अजून थोडे आणि लहान आहेत. २०१३ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत संधिवाताच्या ७९ रुग्णांपैकी निम्म्यांना ही थेरपी दिली होती आणि त्यांच्या वेदना व उदासी कमी झाल्याचे दिसले. आघातावरच्या चाचण्या त्याहूनही छोट्या आहेत. त्यामुळे ‘हाच एकमेव उपाय’ असे कोणी सांगू लागले तर सावध व्हावे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्या चालू ठेवून हे काम करता येते. थेरपी सुरू झाली म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करणे हा पहिला आणि सर्वांत महागात पडणारा सापळा आहे.

३. माणूस निवडताना

येथे माझी पहिली चूक झाली. ओळखीतून एका समुपदेशकाकडे गेलो. त्याने पहिल्याच तासात डोळे मिटायला लावून “लहानपणीचा सर्वांत वाईट प्रसंग आठवा” असे सांगितले. मी आठवला. तास संपला, पैसे दिले, आणि पुढच्या दोन रात्री मला झोप नव्हती. स्कूटर चालवताना विश्रामबागच्या चौकात सिग्नल कधी सुटला तेही कळले नाही. त्याचा हेतू वाईट होता असे मला आजही वाटत नाही. पहारेकऱ्यांना न विचारता बळदाचे दार उघडले, एवढेच झाले होते, पण त्या ‘एवढ्या’ची किंमत मी मोजली.

म्हणून शिक्षण आणि नोंदणी विचारून घ्या. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, असते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात अपमान करण्यासारखे काही नाही. आपण अडत्याचा परवाना पाहतोच ना. मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर त्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र फार वेगवेगळ्या शिक्षणाची माणसे लावतात. आयएफएसचे प्रशिक्षण लेव्हल एक, दोन, तीन अशा टप्प्यांनी होते, आणि ते थेरपिस्ट नसलेल्यांनाही घेता येते. तेव्हा लेव्हल एकचे प्रमाणपत्र म्हणजे मानसोपचाराची पदवी असा घोटाळा करून घेऊ नका.

पहिल्या फोनवर मी पुढे हे प्रश्न विचारले: तुमचे मूळ शिक्षण काय, माझ्यासारख्या तक्रारींवर किती काळ काम केले आहे, सेशनमध्ये मी फार अस्वस्थ झालो तर तुम्ही काय करता, दोन सेशनच्या मधे त्रास झाला तर कोणाला फोन करायचा, शुल्क किती आणि सेशन रद्द केले तर काय. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नीट ऐका. “रडून मोकळे व्हा, बरे वाटेल” एवढेच उत्तर आले तर दुसरा माणूस शोधा. मला योग्य वाटलेल्या मॅडम पुण्याच्या होत्या, त्यामुळे आमचे काम बहुतांशी ऑनलाइन झाले.

४. बरोबर काय असावे

कागदपत्रांत केसपेपर व जुनी औषधचिठ्ठी, रक्ताचे अहवाल, चालू औषधांची यादी, ओळखपत्र आणि संकटकाळी फोन करता येईल अशा एका माणसाचे नाव व क्रमांक एवढे पुरते. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी ते पूर्ण वाचा. गोपनीयता कोणत्या प्रसंगी मोडली जाईल, उदाहरणार्थ जिवाला धोका असल्यास, हे त्यात असायला हवे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ नुसार रुग्णाला गोपनीयतेचा आणि आपल्या वैद्यकीय नोंदी मागण्याचा हक्क आहे. याच कायद्याने विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यावे असे म्हटले आहे, पण बऱ्याच पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरचाच खर्च देतात. त्यामुळे दर आठवड्याच्या शुल्काचा हिशेब स्वतःच्या खिशातून धरून चालावे.

साधनांत एक कोरी वही, इअरफोन आणि दार लागणारी खोली. खोली हाच खरा प्रश्न. आमच्या दोन खोल्यांच्या घरात ते जमणे शक्य नव्हते, म्हणून मी रविवारी सकाळी बंद दुकानात, हळदीच्या पोत्यांना टेकून बसत असे. सेशननंतर अर्धा तास मोकळा ठेवा. लगेच ग्राहकाशी भावावर बोलायला जाऊ नका.

५. पहिल्या काही भेटी: फक्त ओळख

या भेटींत काहीच घडत नाही असे वाटेल. वहीत मधोमध स्वतःचे नाव लिहून भोवती एकेका भागासाठी वर्तुळ काढायचे. तो केव्हा जागा होतो, शरीरात कोठे जाणवतो, काय बोलतो, एवढेच टिपायचे. माझ्या मोजणाऱ्या भागाची जागा उजव्या हाताची बोटे आणि जबडा ही निघाली. मोजताना मी दात आवळतो, हे मला वयाच्या पन्नाशीजवळ प्रथमच कळले.

मॅडम दर वेळी “अस्वस्थता दहापैकी किती?” असे विचारीत. मला तो आकडा सांगता येईना. शेवटी आम्ही सांगलीच्या आयर्विन पुलावरची पुराची मोजपट्टी घेतली. कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट, हे सांगलीतील लहान मुलालाही पाठ असते. मी “अडतीस” म्हणालो की काम चालू ठेवायचे, “बेचाळीस” म्हणालो की थांबून पाय जमिनीला टेकवायचे, खोलीतील पाच वस्तूंची नावे घ्यायची आणि पाणी ओसरू द्यायचे. पंचेचाळीसपर्यंत जाऊच द्यायचे नाही. तुमच्या ओळखीची अशी एखादी मोजपट्टी पहिल्याच महिन्यात ठरवून ठेवा.

६. राखणदारांशी बोलणे

सगळ्यांत जास्त वेळ येथे जातो आणि तो जाऊ द्यावा. माझे सात महिने गेले.

क्रम साधारण असा असतो. एक भाग निवडायचा, लक्ष त्याच्याकडे वळवायचे, तो कसा दिसतो वा जाणवतो ते पाहायचे आणि मग सर्वांत महत्त्वाचा प्रश्न येतो: “या भागाबद्दल तुम्हाला आत्ता काय वाटते?” मी पहिल्यांदा उत्तर दिले, “मला त्याचा वैताग आला आहे.” मॅडम म्हणाल्या, “मग हा वैतागलेला दुसराच भाग बोलतो आहे. त्याला थोडे बाजूला बसायची विनंती करून पाहा.” मला ते पोरकट वाटले. तरीही केले. तो बाजूला झाला तसा कोणी तिसराच पुढे आला, जो म्हणत होता की हे सगळे थोतांड आहे आणि पैसे वाया जात आहेत. त्यालाही विनंती केली. असे दोन-तीन जण बाजूला झाल्यावर मोजणाऱ्याबद्दल साधे कुतूहल वाटू लागले. कुतूहल आले की घरधनी घरात आहे असे समजावे, आणि त्यानंतरच पुढचे प्रश्न विचारावेत: तू हे काम कधीपासून करतोस, आणि हे काम थांबवलेस तर काय होईल अशी तुला भीती वाटते?

उत्तर विचार करून शोधायचे नसते, थांबून ऐकायचे असते. मला ते बऱ्याच रविवारांनंतर आले. एका सकाळी, काहीच सुचत नसताना, बोटे आपोआप पँटच्या खिशाकडे गेली आणि आतून वाक्य आले: ‘नाहीतर खिसे उलटे करतील.’

येथे होणाऱ्या चुका मी स्वतः केल्या आहेत. एक म्हणजे राखणदाराला हाकलून देण्याचा प्रयत्न. त्याने तो दुप्पट जोमाने मोजू लागतो. दुसरी म्हणजे गोड बोलून त्याला फसवणे. “मी फक्त ओळख करून घेतो आहे” असे म्हणत बळदाकडे वाकून पाहिले की त्याला कळते, आणि पुढचे दोन रविवार डोक्यात धुके भरून राहते. त्याने “आज नको” म्हटले तर त्या दिवशी काम तेथेच संपले असे मानावे. पैसे दिले आहेत म्हणून पुढे रेटू नये.

७. बळदातील मुलापर्यंत

राखणदारांनी परवानगी दिली तरच, आणि थेरपिस्टबरोबरच. यूट्यूबवरील ध्यान ऐकत हे एकट्याने करू नका.

मी नऊ वर्षांचा असताना रेशनच्या दुकानावर रॉकेल आणायला गेलो आणि वीस रुपयांची नोट हरवली. वडील तेथे आले आणि रांगेतील सगळ्यांसमोर त्यांनी मला खिसे उलटे करायला लावले. एका खिशात गोट्या होत्या, दुसऱ्यात भोक होते. कोणीतरी हसले. वडील एरवी मारकुटे नव्हते. त्या महिन्यात घरात पैशांची ओढाताण होती. हे मला माहीत होते आणि म्हणूनच इतकी वर्षे मी ‘त्यात काय एवढे’ म्हणत आलो होतो.

या टप्प्यावर त्या मुलाला जे सांगायचे आहे ते सगळे त्याच्या गतीने ऐकून घ्यायचे असते. ‘बाबांचाही नाइलाज होता’ असे मध्येच समजावू नये; तेही राखणदाराचेच बोलणे असते. मग तेव्हा त्याला कोणी काय करायला हवे होते हे त्याला विचारायचे आणि आजच्या वयाच्या स्वतःने तेथे जाऊन ते करायचे. माझ्या आतल्या मुलाला काही मोठे नको होते. मी त्याच्या शेजारी रांगेत उभे राहावे आणि बाहेर लोंबणारे खिसे त्याच्याबरोबर आत घालावेत, एवढेच त्याने मागितले. त्यानंतर त्याला त्या ठिकाणाहून बाहेर आणतात आणि त्याने वाहिलेले ओझे, माझ्या बाबतीत ‘मी निष्काळजी आहे’ हा शिक्का, पाण्यात, वाऱ्यात किंवा आगीत सोडून द्यायला सांगतात. त्याने ते कृष्णेत सोडले. हा विधी ऐकायला नाटकी वाटतो हे मान्य आहे. मी रडलो नाही. जबडा मात्र तासभर सैल होता.

आठवणीबद्दल एक गंभीर इशारा द्यायला हवा. या कामात जे दिसते ती घटनेची नोंदवही नसते. मी पुढे अक्काला हा प्रसंग सांगितला तेव्हा ती म्हणाली, “अरे, नोट दहाची होती, आणि ते रेशन दुकान नव्हे, पिठाची गिरणी होती.” दोघांपैकी कोण बरोबर हे आता कळणार नाही. मुलाची लाज खरी धरून काम करता येते. पण अशा चित्रांच्या आधारे कोणावर आरोप करू नयेत किंवा नाती तोडू नयेत. “नक्की तुमच्यावर अमुक झाले असणार” असे सुचवणारा थेरपिस्ट सोडावा.

८. नंतरचे आठवडे आणि घरची मंडळी

पुढील तीन-चार आठवडे रोज दोन मिनिटे त्या मुलाची चौकशी करायची आणि राखणदाराला काय बदलले ते दाखवायचे. तो एका रात्रीत निवृत्त होत नाही. माझा मोजणारा आता मालाच्या बिलांवरील वजने तपासतो. त्यात तो अतिशय हुशार आहे.

घरी किती सांगायचे ते जपून ठरवा. ‘माझ्या आत एक मूल आहे, ते बोलते’ हे वाक्य मी चुलतीसमोर बोललो आणि दुसऱ्या दिवशी ती देवऋषाचा पत्ता घेऊन आली. अंगात येणे, कानांना आवाज ऐकू येणे आणि हे काम या तीन निराळ्या गोष्टी आहेत. येथे हे सगळे आपलेच मन आहे याची जाणीव कायम असते. ‘जुन्या ताणावर उपचार घेतो आहे’ एवढे सांगणे पुरेसे असते.

आणि ही भाषा शस्त्र म्हणून वापरू नका. “मी ओरडलो नाही, माझा एक भाग ओरडला” असे मी एकदा पत्नीला म्हणालो. ती शांतपणे म्हणाली, “मग त्या भागाला सांगा, आज जेवण त्याने करायचे.” भाग कोणताही असो, माफी संपूर्ण माणसाने मागायची असते.

९. थांबायचे केव्हा

सेशन आधी आठवड्याला, मग पंधरवड्याला, मग महिन्याला अशी विरळ करत जावीत. सहा-आठ सेशननंतरही काहीच हलत नसेल तर तसे थेरपिस्टला स्पष्ट सांगा आणि डॉक्टरांचा पुन्हा सल्ला घ्या. दुसरी पद्धत तुम्हाला अधिक मानवू शकते. अचानक जाणे बंद करण्यापेक्षा निरोपाचे एक सेशन ठरवून घ्यावे, कारण काही भागांना आपल्याला सोडून दिले असे वाटते.

जुना त्रास ज्या काळात डोके वर काढतो तो काळ आधी ओळखून वहीत लिहून ठेवा. माझा काळ नव्या हळदीचे सौदे सुरू होतात तो. तेव्हा दिवसभर पैसा हातातून जातो आणि रात्री जबडा पुन्हा आवळू लागतो. म्हणून फेब्रुवारीतील एक रविवार मी डिसेंबरमध्येच मॅडमकडे राखून ठेवतो, आणि त्या हंगामात गल्ला दोनदा मोजतो.